शेजारच्या वर्गातली नासधूस

९ जानेवारी

लाकडी पार्टिशनला कान लावून उभी होते आणि झाडू मारायला आलेल्या मावशीने पकडलं! "बाई, काय ऐकताय?" म्हटलं, वाळवी लागलीय का बघते.

वाळवीच म्हणायची. पलीकडच्या बालवर्गावर नवीन आलेली ती भिंगरी! पायात कापडी बूट, एका जागी दोन मिनिटं ठरत नाही. तिच्या वर्गात पाट्या नाहीत, फळ्यावर अक्षर नाही, हाताची घडी नाही. वाळूचा ट्रे, बटणांच्या बरण्या, बाटल्या, तराजू, मातीचे गोळे. "हाताने करू दे, मग डोक्यात जातं," म्हणते. मी इतकी वर्षं थेट डोक्यात घालतेय. अजून एकाही मुलाचं डोकं गळकं निघालेलं नाही.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, दोघींना खोलीत बोलावलं. पुढच्या वर्षी बालवर्ग एकच. दोन परवडत नाहीत. मार्चअखेरीस समिती येऊन दोन्ही वर्ग बघणार आणि एकच बाई ठेवणार. भिंगरी नुसतं "बरं" म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. आत्ताच घरी बसून करू काय? हे बसलेतच घरी, शब्दकोडी सोडवत. मी बसले तर त्यांच्या कोड्यातला एक आडवा शब्द होऊन जाईन.

१० जानेवारी

हे म्हणाले, "तू कशाला घाबरतेस? तुझी पोरं शंभरपर्यंत धडाधड म्हणतात." खरंय. पण नुसतं आपलं चांगलं असून भागत नाही. शेजारचं जरा वाईट दिसावं लागतं.

१५ जानेवारी

केलं! सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. भिंगरीचा वर्ग उघडाच. तिच्या त्या लाडक्या वाळूच्या ट्रेमध्ये अर्धी बादली पाणी ओतलं, हाताने ढवळलं आणि पदराला हात पुसत साळसूदपणे माझ्या वर्गात येऊन बसले. म्हटलं आता चिखल होईल, कपडे बरबटतील, आया भांडायला येतील.

पार्टिशनला एक फट आहे. मुलांना पाटीवर "चार" गिरवायला लावून फटीला डोळा लावला.

मेली वाळू उभी राहिली! इतके दिवस बोटांतून निसटून जायची, ती आज वाटीतून वाटीच्या आकाराची बाहेर आली. पोरांनी बोगदा केला. एकाने त्यावर कोरडी वाळू टाकली, ती घसरली. "ओली धरून ठेवते, कोरडी पळते," म्हणे. भिंगरीने कोणाला काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, "फार ओली केली तर?" मग काय, पुढचा तासभर तेच.

करायला गेले एक आणि झालं भलतंच.

१६ जानेवारी

एका आईने फाटकाशी भिंगरीला अडवलं. मी मुद्दाम चप्पल शोधत रेंगाळले. "काल आमची घरी येऊन पिठात पाणी ओतत बसली," आई म्हणाली. मला वाटलं, झालं, आता भांडण! तर पुढे म्हणे, "आणि किती ओतायचं ते मला सांगत होती." दोघी हसल्या. मी चप्पल घातली.

२३ जानेवारी

बटणं. भिंगरीकडे तीन बरण्या आहेत: लाल, निळी, पांढरी बटणं वेगवेगळी. सकाळी सगळी एका परातीत ओतली आणि चांगली कालवली. हात कसे शिवशिवत होते!

पोरांनी ती वेगळी केलीच, पण रंगावर नाही. दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. एक पठ्ठ्या तर तिसरीच वाटणी करून बसला: नाकात जाणारी आणि नाकात न जाणारी. भिंगरीने पहिला ढीग झटकन उचलून उंच फळीवर ठेवला. मला इतकं हसू आलं की खोकल्याचं सोंग घ्यावं लागलं.

माझ्या वर्गातली मुकादम (पाच वर्षांची आहे, पण सगळ्यांवर देखरेख तिची) म्हणाली, "बाई, पलीकडे काय चाललंय?" म्हटलं, गोंधळ. "आपल्याकडे कधी?" म्हणे.

२ फेब्रुवारी

रविवार. दुपारभर दाभण तापवून प्लास्टिकच्या बाटलीला भोकं पाडत होते. एक वर, एक मधे, एक खाली. यांनी कोड्यातून मान वर केली. "कोणाचा काटा काढतेयस?" म्हटलं, शाळेचं काम आहे. "तू शाळेचं काम रविवारी कधीपासून करायला लागलीस?" मी पुढचं भोक पाडलं. खरं तर मलाही ते आत्ताच लक्षात आलं.

३ फेब्रुवारी

तिची पाणी मोजायची बाटली उचलली, माझी भोकांची ठेवली. म्हटलं, भिजा!

भिजलीच. पण टेबलावरच्या बाटलीतून तीन धारा जमिनीवर तीन ठिकाणी पडल्या आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. खालच्या भोकाची धार सगळ्यात लांब. का? मीही फटीशी उभी राहून विचार करत होते, का बरं? एका पोराने बाटलीवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं: "त्याच्यावर सगळ्या पाण्याचं ओझं बसलंय, म्हणून ते जोरात पळतं."

माझी मुलं आठ गिरवत होती. दोघांचे आठ आडवे झाले होते. ओरडायचं राहूनच गेलं.

१२ फेब्रुवारी

तराजू! हा डाव मी आठवडाभर मनात घोळवला होता. डाव्या पारड्याला खालून चिकणमातीचा गोळा चिकटवला. वरून काही दिसत नाही. आता तराजू खोटं बोलणार आणि भिंगरी तोंडघशी पडणार.

पलीकडे एक गोगलगाय आहे. मुलगीच, पण सगळं इतकं सावकाश करते की डबा उघडेपर्यंत बाकीच्यांचे संपतात. तिने पायातला एक बूट डाव्या पारड्यात ठेवला, दुसरा उजव्यात. डावं खाली. तिने बूट बदलले. परत डावंच खाली. बराच वेळ बघत बसली. मग दोन्ही बूट काढून घेतले. रिकामा तराजूसुद्धा डावीकडे कललेला! मग गुडघे टेकून, वाकून, पारड्याखाली हात घातला. गोळा काढला, भिंगरीला दाखवला आणि म्हणाली, "हा लबाडी करत होता."

"शाब्बास!" माझ्या तोंडून निघून गेलं. चांगलं मोठ्याने.

पलीकडची सगळी डोकी फटीकडे वळली. मी घाईघाईने माझ्या वर्गाकडे वळले. मुकादमने विचारलं, "शाब्बास कोणाला?" म्हटलं, तुला. "मी काय केलं?"

काहीच केलं नव्हतं. पाटीसमोर गप्प बसली होती, मी सांगितलं होतं तशी.

१३ फेब्रुवारी

मुकादमला म्हटलं, सात खडू आण. ही मुलगी शंभरपर्यंत न अडखळता म्हणते, उलटेसुद्धा म्हणते. मी पाहुण्यांसमोर तिलाच उभी करते. गेली आणि ओंजळभर खडू घेऊन आली. म्हटलं, सात. तिने माझ्याकडे बघत एक ते सात म्हणून दाखवलं. खडूंकडे बघितलंच नाही. दुसऱ्याला सांगितलं, तिसऱ्याला सांगितलं. सगळ्यांनी सुंदर म्हणून दाखवलं. सात खडू कोणीच आणले नाहीत.

लाज वाटली. फार वाटली. जेवणही गेलं नाही.

१४ फेब्रुवारी

हे म्हणाले, "काय बिनसलंय?" म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणाले, "अक्षरं जास्त होतात, माझ्याकडे पाचच घरं आहेत." यांना काही सांगण्यात अर्थ नाही. तरी रात्रीचं ताट यांनीच वाढलं आणि भांडीही घासली.

१७ फेब्रुवारी

पार्टिशनमधलं दार उघडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! कडी गंजली होती, भिंगरीने तेल आणून दिलं. कारण द्यायला हवं म्हणून म्हटलं, माझ्या वर्गात उजेड कमी येतो. माझ्या तिन्ही खिडक्यांतून ऊन नुसतं ओसंडत होतं. भिंगरीने डोळ्यांवर हात धरून तिकडे बघितलं आणि म्हणाली, "हो ना बाई, फारच अंधार आहे."

माझी पोरं दारात घुटमळली. मुकादम म्हणाली, "जाऊ?" म्हटलं, जा. पाच मिनिटांत कोपरापर्यंत ओली!

२४ फेब्रुवारी

मी अजूनही लवकर जाते आणि काहीतरी बिघडवते. उगाच खोटं कशाला लिहू, मजा येते. पण आता आधी डोकं चालवावं लागतं. अगदी सोपं बिघडवलं तर पोरं ढुंकूनही बघत नाहीत आणि फार अवघड बिघडवलं तर सोडून देतात. आज टेबलाच्या एका पायाखाली पाटीचा तुकडा सरकवला. गोट्या आपोआप गडगडत एका कोपऱ्यात! टेबल सरळ करायला गोगलगाय आणि मुकादम दोघींनी मिळून दुपार घालवली. एक बोलत होती, एक करत होती. कोण काय करत होतं ते सांगायला नको.

भिंगरी लांब उभी राहून हसत होती. मला वाटलं, मुलांना हसतेय.

१० मार्च

मुकादमने सात खडू आणले. मी मागितले नव्हते. "बाई, हे सात आहेत, मोजा हवं तर." मोजले. सात.

२६ मार्च

उद्या समिती. मनात सारखं येतंय, सकाळी जाऊन भिंगरीच्या वर्गातलं एकूण एक सामान माळ्यावर टाकावं. रिकाम्या वर्गात काय दाखवेल? मग वाटतं, रिकाम्या वर्गातही ही पोरं काहीतरी करतीलच, आणि ते मला बघायचंय. मी नक्की कोणाच्या बाजूची आहे हेच कळेनासं झालंय.

२७ मार्च

काही बिघडवलं नाही. उलट सांडलेलं पाणी पुसून काढलं!

समितीतले तिघेजण आले. अध्यक्ष जाडजूड, चष्मा कपाळावर. मुकादमला म्हणाले, "बाळ, शंभरपर्यंत येतं का?" ती म्हणाली, "येतं. पण आत्ता हात ओले आहेत." मला वाटलं, गेली माझी नोकरी. अध्यक्ष तिच्याशेजारी उकिडवे बसले आणि वीस मिनिटं उठले नाहीत. उठताना दोघांनी हात दिला. बाटली बघून म्हणाले, "ही कल्पना कोणाची?"

भिंगरी म्हणाली, "बाईंची. भिजवलेली वाळू, एकत्र केलेली बटणं, खोटा तराजू, तिरकं टेबल. सगळं बाईंचं आहे. मी फक्त मुलांबरोबर बसते."

चोराच्या मनात चांदणं! मी जवळच्या छोट्या खुर्चीत बसकण मारली आणि त्या खुर्चीत अडकले. भिंगरीने ओढून काढलं. कानात म्हटलं, "तुला माहीत होतं?" म्हणाली, "बाई, तुमच्या पदराला वाळू होती."

२८ मार्च

रात्री झोप नीट नाही. नोकरी मला मिळणार हे उघड आहे. तिनेच तर ती माझ्या पदरात टाकली! सकाळी उठले ती थेट मोठ्या बाईंकडे. सरळ सांगून टाकलं. मी तिचा वर्ग मोडायला जात होते. मांडलं तिने, विस्कटलं मी, शिकली पोरं. तिलाच ठेवा. मी घरी बसते.

बोलताना रडू आलं. मला कोणासमोर रडलेलं आवडत नाही. मोठ्या बाईंनी रुमाल दिला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, त्याही रडतायत.

२ एप्रिल

दोन्ही वर्ग राहणार! आणि मीही. पलीकडे शिकवायला एक नवीन मुलगी येणार, तिला मी तयार करायचं. भिंगरी मात्र जाणार. मी तावातावाने विचारलं, "दोन वर्ग परवडत नव्हते ना?" मोठ्या बाई म्हणाल्या, "परवडतील असं दिसतंय." आणि लगेच फोन उचलला. वाजलेला नसतानाच.

भिंगरी जाणार म्हणून फार वाईट वाटतंय. हिला काढतात म्हणजे काय!

९ एप्रिल

भिंगरी निरोप घ्यायला आली. विचारलं, आता कुठे? "दुसऱ्या शाळेत. तिथेही एक जुन्या बाई आहेत, त्यांना खेळ मुळीच खपत नाही. त्यांच्या शेजारचाच वर्ग मागून घेतलाय." माझ्या हातातला चहा हातातच राहिला. म्हटलं, "दोघींतली एकच राहणार, असं तिथेही सांगितलंय?" म्हणाली, "परवाच सांगितलं. बिचाऱ्यांच्या पोटात गोळा आला."

म्हटलं, "सगळं त्यांच्या हाताला लागेल असं ठेव."

"तसंच ठेवते, बाई," ती म्हणाली. "नेहमी."