न हसता समोर बसणारं माणूस

३ नोव्हेंबर, सोमवार

समीक्षा इंग्रजीच्या परीक्षेत नापास. तसं म्हणायचं नाही म्हणे. "आजी, ह्याच्यात पास-नापास नसतं, बँड असतो." मग तोंड का पाडलंयस, म्हटलं.

ऐकण्यात नऊपैकी आठ, वाचण्यात साडेसात. लिहिण्यात सहा, बोलण्यात साडेपाच. सगळ्यात सात पाहिजेत, लिहिण्यात साडेसहा चालतात. त्याशिवाय इंग्लंडचं हॉस्पिटल घेत नाही. चोवीस वर्षांची नर्स, ठाण्याला आयसीयू सांभाळते, मरायला टेकलेली माणसं उठवून बसवते — आणि बोलता येत नाही म्हणून अडली.

भाऊ म्हणाला, "जाऊ दे गं, इथे काय वाईट आहे." भाऊ म्हणजे माझा मुलगा, तिचा बाप. त्याला कशातच काही वाईट दिसत नाही, म्हणून तो आहे तिथेच आहे.

ती जेवली, ताट घासलं, ड्युटीला गेली. बावीस तारखेला परत बसणार. तिकडच्यांनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवलीय.

४ नोव्हेंबर

ही वही तिनेच दिली. क्लासचे सर म्हणतात रोज काहीतरी लिहा, हात सुटतो. तिने दोन वह्या आणल्या, एक माझ्यापुढे ठेवली. "तू पण लिही." एवढंच. मी चौथी शिकलेय. जोडाक्षरं चुकतात. चुकू देत, कोण तपासायला येणार आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिखाणाचा पेपर तिने घरी सोडवला, घड्याळ लावून. पहिला प्रश्न — तीन देशांत लोक मासे किती खातात त्याचे उभे खांब काढलेले. खांबात दिसतं तेवढंच लिहायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. ते हिला झकास जमतं.

दुसरा निबंध. म्हाताऱ्यांनी घरी राहावं की आश्रमात. अडीचशे शब्द. दोन्ही बाजू मांडायच्या आणि मग आपलं मत. हिने दोन्ही बाजू मांडल्या, मत लिहिलंच नाही.

"मला कुठे ठेवायचं ठरलं मग?"

हसली जरा. म्हणाली, "मत लिहायला घेतलं की हात थांबतो माझा. वाटतं, कोण विचारतंय मला."

"अगं, पेपरात छापून विचारलंय ना."

"हो. तरी."

९ नोव्हेंबर, रविवार

आज डोंबिवलीला क्लासात गेलेले. भांडायला. एवढ्या पोरी पाठवतात परदेशी आणि आमचीच कशी राहते, ते विचारायला. दोन जिने चढून गेले, खाली हाडवैद्य आणि वर इंग्रजी. सुदेश सर म्हणजे दाढीवाला पोरगा. माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल.

खुर्ची दिली, पाणी दिलं. मग म्हणाला, "आजी, इंग्रजी तिचं चांगलं आहे. पण मी विचारतो, स्वयंपाक आवडतो का? ती म्हणते, हो. पुढे? पुढे काही नाही. चौकीत जबाब दिल्यासारखं बोलते. घरी तिला कोणी बोलू देत नाही का?"

म्हटलं, "घरी मी असते."

"मग कळलं," म्हणाला. आगाऊ आहे. पण खोटं काय बोलला.

परीक्षेत काय झालं तेही त्याच्याकडूनच कळलं. हातात एक कार्ड देतात. एक मिनिट विचार करायला, दोन मिनिटं बोलायला. ती दोन मिनिटं गप्प बसली. "पूर्ण दोन मिनिटं, आजी. समोरच्या बाईने शेवटी दुसरा प्रश्न विचारला."

घरी मला एका शब्दाने बोलली नव्हती.

निघताना म्हणाला, "तिच्यासमोर रोज कोणीतरी बसवा. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. फक्त हसायचं नाही, मान डोलवायची नाही. परीक्षेतली माणसं तशीच असतात."

ते मला जमेल म्हटलं. आयुष्यभर तेच केलंय.

१० नोव्हेंबर

विचारलं तेवढंच बोल. हे माझं. ती बोलायला लागली तेव्हापासून मी हेच सांगत आले. चार मोठी माणसं बसली असतील तिथे पोरांनी तोंड उघडायचं नाही. माझ्या सासूने मला हे वळण लावलं, मी कलावतीला लावलं. कलावती — माझी सून, समीक्षाची आई. दहा वर्षं या घरात होती, माझ्याशी थेट बोलली असेल शंभर वाक्यं. सासूला तोंडावर काही मागायचं नाही अशी आमच्याकडची पद्धत. मीठ संपलं तरी पोरीला पाठवायची. "आजीला सांग, मीठ संपलंय." मी पोरीला सांगायचे, "आईला सांग, डब्यामागे पुडी आहे." आणि दोघी एकाच खोलीत. तेव्हा कोणाला वेडेपणा वाटला नाही. मला तर मान वाटायचा.

पोरगी ऐकण्यात आठ आली ती उगाच नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझी नोकरी सुरू झाली. दुपारी ती ड्युटीवरून येते, जेवते, मग समोरासमोर बसतो. मोबाईलवर वेळ लावते. कार्डं एका गठ्ठ्यात, सरांनी झेरॉक्स करून दिलेली. मी बिरड्याचे वाल सोलत बसते. ती बोलता बोलता अडली की एक वाल झाकणात टाकायचा. आज झाकणात एकतीस वाल.

ती म्हणाली, "आजी, तू फारच रागाने बघतेस."

"हा माझा साधा चेहरा आहे."

हसायला लागली आणि उरलेलं मिनिट वाया गेलं. तोही एक वाल टाकला.

१३ नोव्हेंबर

बावीस वाल.

१४ नोव्हेंबर

नऊ! काय बोलली देव जाणे. हात हलवून बोलत होती. मी तिला कधी हात हलवताना पाहिलं नव्हतं.

निबंधात मतही लिहिलंन. म्हाताऱ्यांनी घरीच राहावं, पण शेजारपाजार पाहिजे. "मी गेल्यावर तू एकटी पडशील म्हणून लिहिलं," म्हणाली. म्हटलं, माझी काळजी इंग्रजीत करू नकोस, तिथे मार्क देतात त्याचे.

१६ नोव्हेंबर, रविवार

मला इंग्रजी येत नाही, डोळे आहेत. त्या गठ्ठ्यात एक कार्ड आहे, कोपऱ्यावर हळदीचा डाग पडलेलं. रोज ते वर आलं की ती न वाचता खाली सरकवते. पाच दिवस बघतेय.

ती ड्युटीला गेल्यावर ते घेऊन तळमजल्यावर जुलियाकडे गेले. जुलिया ठाण्याच्या शाळेतून रिटायर झाली, इंग्रजीची बाई. चष्मा पुसून वाचलं तिने. "कोणाला तरी सांगायला हवी होती पण तुम्ही सांगितली नाही, अशी एखादी गोष्ट. काय होती, का सांगितली नाही, आणि आता काय वाटतं."

"एवढंच?"

"एवढंच. का गं, काय झालं?"

काही नाही म्हटलं आणि वर आले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

डागवालं कार्ड मीच वर ठेवलं. तिने हात लावला, खाली सरकवायला गेली. मी बोट ठेवलं त्याच्यावर.

"हे काढ."

"आजी, हे नको. परीक्षेत हेच आलेलं."

"म्हणूनच."

वेळ लावली. एक मिनिट गेलं. मग दोन मिनिटं. तोंड उघडून बसलेली, आवाज नाही. मी एकही वाल टाकला नाही. घंटी वाजली तेव्हा ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडला. दहा मिनिटं नळ चालू. पाणी वाया घालवू नको म्हणून हाक मारायला गेले आणि नाही मारली.

१८ नोव्हेंबर

कोणती गोष्ट ते मला माहीत नाही. पण कलावतीशिवाय दुसरं कोण असणार.

पंधरा वर्षं झाली. समीक्षा नऊची होती. कलावतीचं पोट दुखायचं, मी दिलेला ओवा खायची आणि कामाला लागायची. मी म्हणायचे, बायकांची पोटं दुखतातच. एक दिवस भाकरी थापता थापता खाली पडली. हॉस्पिटलात नेली तेव्हा आत अल्सर फुटलेला. डॉक्टर भाऊला म्हणाला, "आठ-दहा दिवस आधी आणलं असतं तर हातात होतं." पोरगी तिथेच उभी होती. कोणी तिला बाजूला नेलं नाही.

मी त्या दिवसानंतर कोणालाही ओवा दिलेला नाही. दुसरं काय केलं? काही नाही. पोरीला वाढवली, गप्प बसायला शिकवली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आली, जेवली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "वेळ लाव." कार्ड तिनेच काढलं.

इंग्रजीत बोलली. सलग. मला त्यातलं आई कळलं, आजी कळलं, प्रीतीआत्या कळलं. घंटी वाजली तरी थांबली नाही. संपलं तेव्हा घामाघूम.

म्हटलं, "आता मराठीत."

"नको आजी. तुला कळत नाही म्हणून बोलले."

"मी विचारतेय तुला. बोल."

बोलली. मी जशी ऐकली तशी लिहिते.

प्रीतीला बघायला आलेले त्या दिवशी. प्रीती माझी मुलगी. बाहेरच्या खोलीत पाहुणे, मी त्यांच्यात बसलेले. स्वयंपाकघरात कलावतीला मोरीत उलटी झाली. रक्ताची, तांब्याभर. पाहुण्यांसमोर ती येणार कशी, हाक मारणार कशी. तिने समीक्षाला पाठवलं. "आजीला सांग, कानात सांग."

पोरगी दारापर्यंत आली. मोठी माणसं बोलत होती. तिच्याकडे कोणी बघितलं नाही, कोणी विचारलं नाही. ती तशीच उभी राहिली, आणि मग आत गेली. कलावतीने विचारलं, "सांगितलंस?" ती भ्यायली. म्हणाली, "हो, सांगितलं."

कलावतीने मोरी धुतली, पाहुण्यांचा चहा केला.

नऊ दिवसांनी पडली.

समीक्षा म्हणाली, "मी मारलं तिला. मी आयसीयूत रोज दुसऱ्यांच्या आया उठवते आणि मनात हेच असतं." रडली नाही. तेच फार वाईट होतं.

मला काही बोलता आलं नाही. मला! तिच्या पाठीवर हात ठेवला तर तोही अवघडल्यासारखा पडला तिथे.

आणि एक गोष्ट तिला सांगितली नाही, इथे लिहिते. ते नऊ दिवस कलावती माझ्याकडे बघायची. चहा देताना, पाट मांडताना, नुसती बघायची. मला वाटलं नणंदेचं जमलं ते हिला बघवत नाही. मी एकदा तोडून बोललेही, "काय बघतेस?" ती म्हणाली, काही नाही. ती वाट बघत होती. मी आता म्हणेन, मग म्हणेन — चल, डॉक्टरकडे जाऊ. तिला वाटत होतं मला सगळं माहीत आहे.

२१ नोव्हेंबर

भाजीत मीठ दोनदा पडलं. भाऊ मुकाट्याने जेवला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी ती बूट घालत होती. म्हटलं, "परवा तू चुकीचं सांगितलंस. तू मला सांगितलेलंस."

"नाही आजी."

"कानात सांगितलंस. पाहुणे उठले की बघते म्हटलं मी, आणि प्रीतीचं जमलं त्या गडबडीत विसरले. तू नऊ वर्षांची होतीस, तुला काय आठवणार. मला आठवतंय."

एक बूट हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग दुसरा घातला आणि गेली. येते म्हणाली नाही.

चारला आली. "बोलले. बाईंनी मध्येच थांबवलं, वेळ संपली म्हणून." एवढं सांगून पडली ती अजून झोपलीय. आता इंग्लंडहून तिने मला फोन केला नाही तरी चालेल.

तिने काही सांगितलं नव्हतं. तिच्या आईला मरेपर्यंत वाटलं मला माहीत होतं. हिलाही तसंच वाटू दे.