चिंचा फोडायला या

बाई, मागच्या महिन्यात आपल्या वऱ्हाडातल्या मालेगावच्या एसटी स्टँडवर तुमची फार आठवण आली. मुलांनी अडचणीत फोन करावा म्हणून आम्ही मदतकेंद्र चालवतो, त्याची जाहिरात तिथल्या भिंतीवर रंगवली होती. 'अत्याचार सहन करू नका', आणि खाली नंबर. बाकावरच्या शाळकरी पोरींनी ती वाचली आणि झटकन माना फिरवल्या.

सत्तरच्या दशकात तुम्ही हीच चूक केली होती. शेलूबाजारजवळच्या आमच्या गावात तुम्ही नव्या मास्तरीणबाई. कोतवालाला गाठून दवंडी पिटवलीत, "ज्या लेकराले घरी मारून राह्यले, त्यानं बाईच्या घरी यावं होऽ!" एक पोर फिरकलं नाही. येणार कसं? तुमच्या दारात पाऊल टाकलं की गावभर बोभाटा. दुसरी कुणी असती तर पालथ्या घड्यावर पाणी म्हणून गप्प बसली असती. तुम्ही स्वतःलाच हसलात आणि पुढच्या आठवड्यात दवंडी बदललीत, "बाईच्या घरी चिंचा फोडाले पोरं पाह्यजेत होऽ!" आता आयाच आम्हाला ढकलून पाठवू लागल्या.

चिंच फोडताना मान खाली असते, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. हात चालतात तशी तोंडंही सुटतात. तुमच्या ओसरीवर चिंचोका काढता काढता मी म्हणते, "बाई, माह्यं लगन ठरलं." मी तेव्हा सातवीत. तुम्ही मान वर करत नाही.

"तुले करायचं हाय काय?"

"नाय."

"बापाले सांगतलं?"

"मारन तो."

"मंग मी सांगतो."

माझा बाप म्हणजे नुसता भडका. तुम्ही येऊन सरळ आमच्या खाटेवर बसलात. "पोरगी मागाले आलो. मॅट्रिक होईस्तोर मले दे, भाऊ." बाप ओरडला, तणतणत वावरात गेला, परत आला, तर तुम्ही आईसोबत तूर निवडत तिथंच. शेवटी तोच थकला. "न्या बा, न्या!" अशी चिकाटी मी पुढे कुणात पाहिली नाही. मी शिकले, ती केवळ तुमच्यामुळे.

तर स्टँडवरून परतल्यावर मी हट्टानं भिंतीवरचा मजकूर बदलायला लावला, 'गप्पा मारायला फोन कर.' आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, फालतू फोन येतील." येऊ द्या म्हटलं. आणि येतात. कुणाची शेळी व्याली, कुणाला गणित जमत नाही. काल एक पोरगी पोहरादेवीच्या जत्रेबद्दल कितीतरी वेळ बोलली आणि मग हळूच म्हणाली, "मले घरी नाय जायचं." ती कुठे आहे ते विचारून घेतलं, आमची माणसं निघाली, आणि माणसं पोचेपर्यंत मी त्या पोरीला बोलतं ठेवलं.

हे पत्र टाकायला, तुम्ही गेलात तिथला पत्ता कुठून आणू? माझ्याजवळच राहील. पण एक सांगून टाकते. मध्येच त्या पोरीनं विचारलं, "तुमी कोन बोलून राह्यल्या?" आपलं नाव सांगायचं नाही, असा आमच्याकडे नियम आहे. मी माझं नाही सांगितलं, बाई. तुमचं सांगितलं.