चावी द्यायची आठवण

वर्धा, सोमवार, ७ फेब्रुवारी १९५५

काल होणारे सासरे लग्नातलं घड्याळ पसंत करायला मला दुकानात घेऊन गेले. त्यांनी चावीचं एक साधं, चांगलं घड्याळ पुढे केलं. माझी नजर ऑटोमॅटिकवर. "मला चावी द्यायची आठवण राहत नाही," असं बोलून गेलो. का बोललो?

"मंग हेच घ्या, जावईबापू! हातात घातलं का आपलं आपणच चालते," ते हसले. किंमत ऐकल्यावर मात्र त्यांचा आवाज उतरला. दुकानदाराला हळूच म्हणाले, "ठेवून द्या, पुढच्या रयवारी नेतो."

आज कचेरीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी दिली. तीन वर्षांत माझा एकही सोमवार चुकलेला नाही.

आता त्यांना पत्र लिहितो आहे. चावीचंच घ्या. कारण काय लिहू? बराच वेळ दौत उघडी होती. शेवटी लिहिलं, मला आठवण राहते.