सातवी उडी

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

माझ्या पुस्तकाचं ठरलं! चाळीस वर्षांतले नाचणाऱ्यांचे फोटो. मुखपृष्ठावर तूच हवीस. सरावाच्या खोलीतली ती उडी, वेणी हवेत, पाय जमिनीपासून हातभर वर. उडी दिसली की उशीर झालेला असतो, आदल्या मात्रेलाच बटण दाबायचं, हे तुझ्याकडूनच शिकले. त्या दिवशीचं अख्खं रीळ एका कागदावर छापून पाठवतेय. हवा तो फोटो निवड. नाही म्हणशील तर रुसेन.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी आगाऊ चिमणी

११ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

फोटो पाहून डोळे भरले. किती हलकी होते गं मी! कोपऱ्यात आपल्या नाचाच्या बाई, हाताची घडी घालून, कपाळाला आठ्या.

एक शंका. कागदावर माझ्या चारच उड्या आहेत. मी सात मारल्या होत्या. नाचणारी बाई मोजल्याशिवाय हलत नाही. चौथीनंतर तू तीनदा म्हणालीस, हुकलं ताई, अजून एकदा. सातवीला गुडघा गेला. दुसरं रीळ असेल तर तेही धाड. ती उडी एकदा बघायची आहे.

माया आहे तशीच असू दे.
ताई

२० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

दुसरं रीळ नव्हतं. चौथ्या उडीला फिल्म संपली आणि जादा रीळ मी घरी विसरले होते. तू बाईंशी भांडून मला आत आणलं होतंस. झालं का इतक्यात, असं त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं आणि रीळ संपल्याचं सांगायची मला लाज वाटली. रिकाम्या कॅमेऱ्याला डोळा लावून 'अजून एकदा' म्हणत राहिले. दवाखान्यात तू म्हणालीस, माझाच तोल गेला. मी मान डोलावली.

लोभ मागायला तोंड नाही.
चिमणी

२ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ. (हाताची सवय.)

इतकी वर्षं वर्गातल्या मुलींना सांगत आले, दमल्यावर उडी मारू नका, माझा हावरटपणा मला नडला. काल तेच सांगायला तोंड उघडलं आणि वर्ग लवकर सोडून दिला.

रीळ संपलं म्हणाली असतीस, तर बाई दोन शब्द बोलल्या असत्या. मी त्यांना चार ऐकवले असते.

फोटो छाप, चांगला आहे. पुस्तक मात्र पाठवू नकोस. तूही येऊ नकोस. माया तुटली नाही, तुटू नये म्हणूनच सांगते आहे.

ताई