बाजारात काय पाहिलंस

बाई, गेल्या पंधरवड्यात मी लेकीला घेऊन वाशीमला एका करिअर मार्गदर्शनाला गेले होते. कोट घातलेला एक माणूस पडद्यावर गरुड दाखवत होता. प्रत्येक मुलात म्हणे एक गरुड झोपलेला असतो. हॉल गच्च भरलेला. एवढे गरुड एकदम जागे झाले तर जिल्ह्यात कोंबडी उरायची नाही, असं मी पुटपुटले. शेजारचे पालक हसले, लेक हसली नाही. दहावीचा निकाल लागल्यापासून ती कमीच हसते. अकरावीला कुठं जायचं हे तिला थोड्या दिवसांत ठरवायचं आहे, आणि ती सोडून आमच्या अख्ख्या गोतावळ्याचं ते ठरून बसलंय. क्लासला काका म्हणतो लातूर, मामा म्हणतो अकोला. डॉक्टर व्हायचं याबद्दल मात्र दोघांचं एकमत. तिला विचारलं तर म्हणते, "मला माहीत नाही." खोटं बोलत नाही ती. खरंच माहीत नाही, आणि माहीत नसायची परवानगी तिला कोणी देत नाही.

तुम्ही दिली होती आम्हाला. मालेगावच्या एसटीतून उतरून, छत्री काखेत मारून तुम्ही शाळेत यायच्या, आणि बाजाराच्या दिवशी दहावीच्या वर्गाला मधल्या सुट्टीनंतर शिरपूरच्या बाजारात सोडायच्या. विकत काही घ्यायचं नाही, घोळक्यानं हिंडायचं नाही. नुसतं बघायचं, आणि आपली नजर कुठं अडकते ते परत येऊन वर्गात सांगायचं. इतर शिक्षक म्हणत, पोरांचा तास बुडवून राह्यल्या बाई. तुम्ही म्हणायच्या, पोट्ट्यांले जगातलं सगळं म्हाईत हाय, आपलं मन कुठं जाते तेवढंच म्हाईत नाई. एकजण सायकलच्या दुकानातून हलला नव्हता. एकीनं बांगड्यांच्या रंगांशिवाय काही पाहिलंच नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी काही सांगितलं नाही, थेट करून दाखवलं: आपले हेडसर एका म्हातारीच्या पालात वांगी घेताना. एकेक वांगं दाबून, कानाशी नेऊन, जणू ते आतून पाढे म्हणतंय. वर्ग लोळला. मी तुमच्याकडे पाहते, तर तुम्हीही हसताय. आणि मग हसणं पुसून तुम्ही म्हणता, "नक्कल झ्याक केली. पण तू त्याह्यले पाह्यलंच नाई. हसू येईन तेवढंच उचललं अन् आली. पुढच्या बाजाराले परत जाय."

मी रागातच गेले. हेडसर त्याच पालात, त्याच म्हातारीपुढे उभे. या वेळी मी जवळ सरकले, तर ते तिला हळू आवाजात विचारत होते, वांगं किती शिजवलं म्हणजे बिनदाताच्या माणसाले खाता येते. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती आणि घरात रांधणारे ते एकटेच होते, हे मला तिथं कळलं. वर्गात मी हे बसूनच सांगितलं. कोणी हसलं नाही. तुम्ही पुढच्या मुलीला उभं केलं. पण त्या दुपारी मला माझ्याबद्दल दोन गोष्टी समजल्या होत्या: माझी नजर माणसांवर अडकते, आणि माझी जीभ नजरेच्या आधी धावते. आज मी ज्या विनोदी सदरावर जगते, ते या दोन्हींमधली ओढाताण आहे, दुसरं काही नाही.

मग दहावीचा निकाल लागल्यावर तुम्ही आमच्या चुलीपाशी येऊन बसल्या. आई भाकरी थापतेय. तिचं ठाम मत, पोरीनं डी.एड. करावं, मास्तरणीले नवरा नोकरीवाला भेटते. तुम्ही म्हणाल्या, "ताई, हे पोरगी मास्तरीण झाली तं पोट्टे शिकतीन नाई, नुस्ते खिदळतीन."

"मंग काय करू हिचं?"

"काईच नोका करू. तिले ठरवू द्या. चुकली, तं चूक तरी तिची राहीन."

आईला राग आला. तिनं तुम्हाला दुसरा चहा दिला. आमच्याकडे राग आला तरी चहा चुकत नाही. त्यानंतर डी.एड.चं नाव तिनं काढलं नाही. तुम्ही मात्र माझं पहिलं छापून आलेलं पाहायच्या आधीच गेल्या.

सुट्टीत लेकीला घेऊन शिरपूरला आईकडे आलेय, तर म्हटलं, तुमचाच उपाय करू. तिला बाजारात धाडलं. ती परत आली ती रडवेली. म्हणाली, "माझी नजर कुठंच अडकली नाही, आई. माझ्यात काहीच नाहीये का?" माझ्या ओठांवर एक तयार विनोद आला होता. तो तिनं तोंडावरच वाचला आणि म्हणाली, "यावर लिहू नको." तेवढ्यात माझी आई आतून म्हणाली, "काहून छळून राह्यली पोरीले? तुले तरी कुठी पहिल्या बाजारात समजलं होतं?" नेहमीसारखं आईचंच खरं होतं. तुम्ही मला परत पाठवलं होतं. मी पहिल्याच फेरीत निकाल मागत होते.

आज पुन्हा बाजार. न सांगता पिशवी घेऊन ती गेली आणि उन्हं कलल्यावर आली. चेहरा रडका नव्हता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सांगीन. पण मला वाटेल तेव्हा." आता ती आजीशेजारी बसून मेथी निवडतेय आणि मी ओट्यावर हे लिहितेय. ते छापणार नाही, तिला शब्द दिलाय. आणि तुम्हाला धाडायला पत्ता नाही. म्हणून फक्त तुम्हालाच सांगते: ती लातूर म्हणेल याची मला धास्ती आहे. सदरात आयुष्यभर ज्यांची टिंगल केली, त्या क्लासवाल्या पालकांच्या रांगेत उभी राहीन मी. उभी राहीन, बाई. तिला सोडायलाही जाईन. फक्त एसटीत तिच्याशेजारी बसून गप्प राहणं मला जमेल, असं काही वाटत नाही.