पूजेतला पाना

१९ ऑक्टो. ८८, बुधवार

खांदा आजही वर जात नाही. कमल म्हणते डॉक्टरले दाखवा. डॉक्टर म्हणेल आराम करा. आराम कायचा? उद्या दसरा, म्हणून दिवसभर रॉकेलच्या घमेल्यात हात. मी हत्यारं धुवून देत होतो, नत्थूभाऊ फळीवर लाल कापड टाकून एकेक मांडत होते. बावीस वर्षं हेच. गॅरेज त्यांचं, राबणारे आम्ही दोघंच.

फॅन क्लचचा पाना ते मले धुवायलेही देत नाहीत. सावनेरकडच्या ठेकेदारानं परदेशी इंजिनाच्या गाड्या आणल्या तेव्हा बनवलेला. त्या गाड्यांच्या पंख्यामागे भल्ला मोठा नट, आटे उलटे, अन् पंख्याच्या अन् रेडिएटरच्या मधात दोन बोटं जागा. बाजारातला एकही पाना शिरेना. न. भाऊंनी ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीचं पान घेतलं अन् आठ दिवस कानस मारली. बापाचा माग सुटला तरी हात कोष्ट्याचाच. नियम एकच : एकानं बेल्ट लावून पुली धरायची, दुसऱ्यानं पाना दाबायचा. हातोडी नाही. पातळ आहे, चिरते.

उद्या मले सुट्टी. पूजा त्यांची, सुट्टी माझी. दसऱ्याले हत्यार हलवायचं नाही, हे त्यांचं. मी पूजेले थांबत नाही, हे माझं. कोणीच कोणाले काही म्हटलं नाही कधी. संध्याकाळी मात्र ते आमच्या घरी खीर खायले येतात.

२० ऑक्टो., गुरुवार

सकाळी दीक्षाभूमी. कमल, दोन्ही पोरी, पांढरे कपडे. गर्दी इतकी की चप्पल सुटली तं सुटली.

दुपारी घरी आलो तं दारात भगवान ड्रायव्हर. माझ्या बहिणीच्या गावची मिनीबस, भिवापूरकडून माणसं घेऊन आलेली. परतीच्या वाटेवर उमरेड रोडले पाणी उकळलं, गॅरेजपर्यंत ढकलत आणली. गेलो. वॉटरपंप गळून राहिला होता. नवा पंप भगवानजवळ डिकीत होता, पण पंखा काढल्याशिवाय पंप निघत नाही. अन् पंखा तोच, मोठ्या नटाचा.

म्हटलं, "आज नाही होत गा. उद्या सकाळी."

"काहून?"

काय सांगू? रस्त्याच्या कडेले पंचवीस माणसं बसलेली, म्हातारे, पोट्टे, भाकरीची गाठोडी. सगळी आपली. अन् आजच्या दिवशी मी त्यांले सांगू का हत्यारं पूजेत बसली आहेत? भगवान म्हणाला, "बावीस वर्षं झाली ना तुमाले मेकॅनिक होऊन? का कुलूप उघडापुरतेच हाय तिथं?" सगळ्यांसमोर म्हणाला. कानशिलं तापली माझी.

किल्ली माझ्याजवळ असतेच. उघडलं. पान्यावर झेंडूचं फूल होतं.

दीड तासात गाडी गेली. एकट्यानं काढला पंखा. कसा काढला ते लिहीत नाही.

पाना धुतला, पुसला, जागेवर ठेवला, फूल ठेवलं. हळद-कुंकवाचं तबक बाजूलेच होतं. बोट लावलं असतं तं कोणाले कळलंही नसतं. हात नाही गेला. ते मी करत नाही.

संध्याकाळी न. भाऊ आले. दोन वाट्या खीर खाल्ली. वहिनीसाठी डब्यात घेऊन गेले. मी बोललो नाही काही.

२१ ऑक्टो., शुक्रवार

सकाळी हत्यारं उचलली. न. भाऊ एकेक कपाळाले लावून खोक्यात ठेवत होते. फॅनचा पाना हातात घेतला. बाकी सगळ्यांवर हळदीचे ठिपके, हा लख्ख. थांबले जरासे. मंग तोही कपाळाले लावला, ठेवला.

मले वाटलं आता विचारतील. "ब्रेकचं काम आधी घे," म्हणाले.

दिवसभर कामापुरतंच बोलले. चहा आला तं आपला ग्लास घेऊन बाहेर जाऊन बसले.

२४ ऑक्टो., सोमवार

काय लिहू?

ठेकेदाराची गाडी आली. मी बेल्ट धरला, न. भाऊंनी पाना लावला. दाबला, नट हलला नाही. आणखी जोर लावला अन् कट्‌ झालं. पान्याचं तोंड तुटलं, हात सरळ पंख्याच्या पात्यावर. रक्त पाहून मलेच घेरी आली. ते मात्र म्हणून राहिले, "काही नाही गा, काही नाही, फडकं दे."

रिक्षातून दवाखान्यात. उजव्या हाताच्या दोन बोटांची नस कापली. शिवली आहे. डॉक्टर म्हणाले, बोटं वाकतील का नाही ते आज सांगता येत नाही. कानस धरणारी बोटं ती.

२५ ऑक्टो., मंगळवार

दवाखान्यात वहिनी बाकावर बसल्या होत्या. मले पाहून रडल्या. म्हणाल्या, "पूजेतलं हत्यार कोणीतरी हलवलं असेल गा श्रावणभाऊ. ते असं सोडत नाही."

मी म्हटलं, "असं काही नसते वहिनी. लोखंड हाय ते."

लोखंडच आहे. अन् हलवलं तं मीच. वहिनी हळदीनं हिशोब करून राहिल्या, मी लोखंडानं, अन् दोघांचं बोट माझ्यावरच येते.

लिहून टाकतो. त्या दिवशी पुली धरायले जाणतं कोणी नव्हतं. भगवानले धर म्हटलं तं त्याच्या हातून बेल्ट घसरे. नट जाम. खांद्यात जोर नाही. मी पान्यावर हातोडी मारली. चार ठोके. चौथ्याले नट सुटला.

पुसताना तोंडाच्या कोपऱ्यात रेघ दिसली. केसाएवढी. काल इथं लिहिणार होतो की तेलाची रेघ वाटली. खोटं आहे. चीर होती, अन् मले दिसली होती.

२७ ऑक्टो., गुरुवार

गॅरेज एकटाच चालवून राहिलो. ठेकेदाराची गाडी तशीच उभी. तिच्यासमोरून जाताना मान खाली.

कमलले काल सांगितलं सगळं. ती म्हणाली, "मंग जा ना, सांगून टाका. इथं मले सांगून काय होते?"

म्हटलं, "सोपं वाटते तुले."

"तुमी त्याच्या ताटात जेवता, तो आपल्या ताटात जेवते. अन् एवढं बोलता येत नाही? कसली दोस्ती वं बाई ही!"

मी ताटावरून उठलो. राग तिच्यावर कायले काढला? ती शहाणी आहे, हाच तिचा गुन्हा.

३० ऑक्टो., रविवार

न. भाऊ घरी आले आहेत. भेटाले गेलो. डाव्या हातानं चहा पिऊन राहिले होते, अर्धा सदऱ्यावर. "गॅरेज कसं हाय?" म्हणाले. म्हटलं बरं आहे. वहिनी समोरच. त्यांनी दाराले लिंबू-मिरची बांधली आहे. नजर लागली म्हणतात.

नजर! माझीच लागली म्हणा.

दहा मिनिटांत निघालो. काम आहे म्हटलं. रविवारी कायचं काम?

२ नोव्हें., बुधवार

सांगितलं.

वहिनी बाजारात गेल्या होत्या. दारातूनच सुरू केलं, बसलो असतो तं राहिलं असतं. भगवानची मिनीबस, किल्ली, पाना, हातोडी. सगळं.

न. भाऊ म्हणाले, "माहीत हाय. धुतलेला पाना मले ओळखू येत नाही का?"

"मंग बोलले काहून नाही?"

"तू कधी बोलते ते पाहून राहिलो होतो. त्याच दिवशी तुह्या घरी खीर खाल्ली मी."

मी दारातून आत आलो.

मंग म्हणाले, "माझं घर गॅरेजपासून दोन गल्ल्या. विचाराले काहून नाही आला?"

"तुमी नाही म्हटलं असतं."

"असं वाटलं तुले?" म्हणाले. "बावीस वर्षांत कधी नाही म्हटलं मी तुले?"

मंग त्यांनी विचारलं, "चीर दिसली होती?"

नाही म्हणता आलं असतं. कोण पाहाले आलं होतं? पण आता थकलो आहे खोट्याले. म्हटलं, "हो. दिसली होती."

त्यांनी डोळे मिटले. हे मात्र त्यांले माहीत नव्हतं. मले वाटलं आता चालता हो म्हणतील. डोळे न उघडताच म्हणाले, "दरवेळी लावायच्या आधी तोंड पाहतो मी त्याचं. त्या दिवशी नाही पाहिलं. तुह्यावर राग होता ना. हातात घेतला की त्या दिवसाची आठवण येत होती, म्हणून न पाहताच लावला."

वहिनी आल्या. पिशवीत दिवाळीचा रवा. आम्ही गप्प बसलेले पाहून म्हणाल्या, "काय झालं गा?" न. भाऊ म्हणाले, "काही नाही. चहा ठेव."

चहा झाला, पण चव कोणाले होती?

घरी येताना सगळ्या रस्त्यानं आठवून राहिलो, कधी नाही म्हटलं त्यांनी. बहिणीच्या लग्नात सात दिवस सुट्टी. बाबा गेले तेव्हा सुतक तेराऐवजी एकच दिवस पाळतो म्हटलं, तरी चकार शब्द नाही. एकदाही नाही म्हटलेलं सापडलं नाही. पण हेही खरं की एकदाही असं काही मी मागितलंच नव्हतं.

५ नोव्हें., शनिवार

टाके काढले. मीच घेऊन गेलो त्यांले. एक बोट जरासं वाकते, दुसरं काठीसारखं. डॉक्टरनं रबरी चेंडू दाबाले सांगितला. तीन महिने, मंग पाहू म्हणाले.

परत येताना सायकलरिक्षात मांडीले मांडी लावून बसलो अन् घरापर्यंत दोघंही रस्त्याची दुकानं पाहत आलो.

६ नोव्हें., रविवार

गेलो होतो. वहिनी आत करंज्या तळत होत्या. न. भाऊ खाटेवर, हातात चेंडू.

म्हणाले, "श्रावण, त्या दिवशी जे विचारलं नाही, ते आज विचार."

"आता काय उपयोग हाय भाऊ?"

"विचार म्हणतो ना."

मले शरम वाटली. एवढे दोन म्हातारे होत आलेले माणसं अन् हे काय. पण त्यांचं तोंड पाहिलं, चेष्टा नव्हती. उभा राहिलो. म्हटलं, "नत्थूभाऊ, बहिणीच्या गावची गाडी हाय. दीक्षाभूमीवरून परत चालले लोकं. पंखा काढा लागते. पूजेतला पाना नेऊ का?"

त्यांनी तोंड उघडलं. पटकन हो म्हणणारच होते, मले दिसलं ते. पण म्हटलं नाही. स्वयंपाकघराकडे पाहिलं. मंग देव्हाऱ्याकडे. चेंडू दाबाचा थांबला.

मी उभाच. आतून करंज्यांचा वास येऊन राहिला होता.

शेवटी हळूच म्हणाले, "बस गा. सांगतो."

बसलो. वहिनीनं करंज्या आणल्या, दोन-दोन खाल्ल्या. मंग ठेकेदाराच्या गाडीचं बोललो, पंपाचं बोललो. दिवे लागले तेव्हा उठलो.

अजून सांगितलं नाही त्यांनी.