दाराजवळची खुर्ची

ताई,

तुमच्या संशोधनात मी अकरा नंबर. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे वहीतच राहणार.

तुरुंगातल्या ज्या खोलीत तुम्ही आम्हाला प्रश्न विचारायचात, तिथे दाराजवळची खुर्ची साहेब लोकांची असते. कैदी बिथरलाच तर पळता यावं म्हणून. दार लागलं की माझ्या डोक्यातले आवाज सुरू होतात, हे कुणाला ठाऊक नव्हतं. माझा घाम बघून तुम्ही म्हणालात, "दादा, तुम्ही इकडे बसा." शिपाई खेकसला, तरी तुम्ही उठून आतल्या खुर्चीत जाऊन बसलात. त्या दिवशी मी पहिल्यांदा सांगितलं, भावाचं डोकं का फोडलं ते.

तुमच्या अहवालानंतर दर मंगळवारी त्याच खोलीत समुपदेशक येतात, आम्हा कैद्यांना एकत्र बसवतात; दाराजवळची खुर्ची आता माझी असते. काल एक नवे म्हातारे कैदी दाराकडे बघत थरथरत होते.

मी उठलो. म्हटलं, "काका, तुम्ही इकडे बसा."

आत बसलेला,
अकरा नंबर